जळीतग्रस्तांची वर्गणी

दंगलीत घर गेलेल्यांसाठी मदत गोळा करायला निघालं की मराठवाड्यात पैशाआधी एक प्रश्न येतो: पावतीवर नाव कुणाचं टाकायचं? सप्ताहाची वर्गणी देताना माणूस आपलं नाव दोनदा सांगतो. जाळपोळीनंतर तोच माणूस पाचशेची नोट पुढे करतो आणि म्हणतो, "गुप्तदान लिहा." यात नम्रता थोडी, धास्ती फार. भूकंपग्रस्ताला ज्वारीचं पोतं दिलं तर ते पुण्याचं काम. गावातल्याच लोकांनी ज्याचं घर पेटवलं त्याला दिलं तर ती बाजू घेणं ठरतं. शेजाऱ्यांनी एकमेकांना केलेल्या आणि न केलेल्या मदतीचा इथला इतिहास बराचसा याच धास्तीचा आहे.

जुन्या पिढीच्या आठवणीत पहिली मोठी पांगापांग १९४७-४८ ची. निजामाच्या राज्यात रझाकारांचा उच्छाद वाढला तशी सरहद्दीजवळच्या गावांतली माणसं रातोरात वऱ्हाडाकडे, बार्शी-सोलापूरकडे सरकली. पलीकडे हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, उमरखेडचा त्यांपैकी एक. पण बिऱ्हाडं टेकली ती मुख्यतः सोयऱ्यांकडे: आजोळी, लेक दिलेल्या गावी, मावशीच्या ओसरीवर. मग १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाच्या राज्यावर भारतीय लष्कराची कारवाई झाली आणि पारडं फिरलं. आता मार मुसलमान वस्त्यांना बसला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावं घातली. अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही, त्यामुळे शाळेत मुक्तिसंग्राम शिकलेल्या आमच्यासारख्यांना ही बाजू फार उशिरा कळली. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, तिची चर्चा कमी होते. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्यासाठी स्वतःचे जीवही गमावले. धंदा एक, बाजार एक, सावकारही बहुधा एकच. दोघंही एकाच पायरीवर उभे होते, म्हणून हात पुढे आला असावा असं मला वाटतं. पुढे तीस वर्षांनी जे घडलं त्यात ही पायरी सारखी नव्हती.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला. शरद पवारांना मुख्यमंत्री होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. विरोध औरंगाबादेत सुरू झाला आणि बघता बघता खेड्यांत उतरला. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेल्या गावांत दलित वस्त्या पेटल्या. झळ पोचलेल्या गावांचा आकडा सुमारे १,२०० सांगितला जातो, बेघर झालेल्यांचा पाच हजारांच्या घरात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग समाजाचे होते, म्हणजे राग फक्त बौद्धांवर होता हेही खरं नाही.

जळालं काय, हे नीट पाहिलं पाहिजे. गावकुसाबाहेरची घरं बहुतेक कुडाची. तुराट्या, पळाट्या उभ्या बांधायच्या, शेणामातीने लिंपायच्या, वर गवताचं छप्पर. आत धान्य ठेवायची कणगी, तीही तुराट्यांचीच, शेणाने सारवलेली. घर पेटलं की वर्षाची बेगमी त्याबरोबर गेली. ज्वारीची रास वरून काळी दिसते आणि आतून दिवसेंदिवस धुमसत राहते; पाणी मारलं की फुगते, वास मारते, मग तिला जनावरंही तोंड लावत नाहीत. शिवाय दिवस आषाढाचे, खुरपणीचे. वर्षात हमखास रोजगार मिळण्याचा हाच काळ, आणि बहिष्काराने नेमका तोच हातचा गेला.

अत्याचार विरोधी समितीने मराठवाड्यात फिरून केलेला अहवाल १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. जाळपोळीच्या जोडीला चाललेला बहिष्कार आणि विहिरींचं पाणी खराब करणं, हे त्यात आलेलं आहे. बहिष्कार पडलेल्या गावात रोख मदतीचा उपयोग फारसा नसतो. किराणावाला माल देत नाही, गिरणीवाला दळून देत नाही. हातात नोट असून चूल थंड. म्हणून मदत बाहेरून आणि वस्तूंतच यावी लागते: दळलेलं पीठ, तेल, मीठ, काडेपेटी, एक पातेलं, एक तवा. आजही जाणती माणसं पहिल्या टेम्पोत धान्यापेक्षा पीठ भरतात, त्यामागे हा अनुभव आहे.

तेव्हा आसरा दिला तो शहरांतल्या बौद्ध वस्त्यांनी, नात्यागोत्यातल्यांनी. एका खोलीच्या घरात दोन-तीन कुटुंबं मावली. समाजवादी मंडळी, युवक क्रांती दलाचे (युक्रांद) कार्यकर्ते, बाबा आढाव यांच्यासारखी माणसं नामांतराच्या बाजूने उभी राहिली, पण ती बाहेरची. गावातला शेजारी कुठे होता? रात्री मागच्या दाराने भाकरी दिल्याच्या, कडब्याच्या गंजीत माणसं लपवल्याच्या गोष्टी गावोगाव सांगितल्या जातात आणि त्या खोट्या मानायचं कारण नाही. मात्र उजेडी कुणी पुढे आलं असेल तर फार थोडं. दोन एकरवाला कोरडवाहू शेतकरीही पाटलाच्या बैलजोडीवर, सोसायटीच्या कर्जावर, भावकीच्या बांधावर अवलंबून. त्याने पायलीभर ज्वारी दिली असती तर उद्या त्याचाच पाणवठा बंद झाला असता. हे समर्थन म्हणून सांगत नाही. पण 'गावकऱ्यांची मनं मेली होती' एवढं म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

नामांतराचा प्रश्न सुटायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही नामविस्तार म्हणून, म्हणजे 'मराठवाडा' कायम ठेवून आंबेडकरांचं नाव जोडलं. त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली, बरीचशी दगडी भिंती आणि माळवदांखाली. मदतीचा पूर आला. कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले, कारण कुणाला काय लागतं हे विचारायला सवड नव्हती. मदत कशी करायची याचे धडे मराठवाड्याने तिथे घेतले: यादी आधी, टेम्पो नंतर. जातीपातीची कुजबुज पुनर्वसनाच्या वसाहतींतही झाली, पण देणाऱ्याला कुणाची भीती नव्हती.

कायद्याने मध्यंतरी एक गोष्ट बदलली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९५ च्या नियमांनी पीडितांना अन्न, वस्त्र, निवारा देणं ही जिल्हा प्रशासनाची जबाबदारी केली; जाळलेलं घर सरकारी खर्चाने बांधून देण्याची तरतूद त्यात आहे. त्यामुळे वर्गणी जमवणाऱ्यांच्या कामात एक नवं काम आलं: पंचनामा. तलाठी येईपर्यंत राख हलवायची नाही, फोटो काढायचे, जळालेल्या भांड्यांची यादी करायची. इथेच गायरानाचा, म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीचा घोळ होतो. मराठवाड्यातली कितीतरी दलित, भटक्या कुटुंबांची घरं गायरानावर आहेत. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने याच जमिनींसाठी बीड भागात वर्षानुवर्षं झुंज दिली आणि गावातल्या भांडणांना बरेचदा गायरानाचंच निमित्त असतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराची नोंद नसेल तर 'घर होतं' हे सिद्ध करण्यापासून सुरुवात. रेशनकार्ड, जातीचा दाखला, पोरांची टीसी राखेत गेलेली असते. अशा वेळी झेरॉक्सवाला आणि अर्ज लिहून देणारा शाळामास्तर यांची मदत पोत्यांइतकीच मोलाची ठरते.

शहरात चित्र वेगळं. ११ मे २०१८ च्या रात्री औरंगाबादेत मोती कारंजा, शहागंज, राजाबाजार भागात जाळपोळ झाली. अनधिकृत नळजोडण्या तोडण्यावरून पेटलेल्या वादाला धार्मिक वळण लागलं. जुन्या शहरात खाली दुकान आणि वर घर, त्यामुळे एका आगीत पोट आणि छप्पर दोन्ही जातात. अशा ठिकाणी भांडीकुंडी लगेच मिळतात, अडतं ते भांडवल. उधारीची वही जळालेली असते आणि येणं कुणाकडे किती हे दुकानदाराला तोंडपाठ नसतं.

आता मोबाईलवर क्यूआर कोड फिरतो आणि रक्कम तासाभरात जमते. नोंदणीकृत न्यास नसेल तर अशा वर्गणीला सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. घाईत ती कुणी घेत नाही आणि पुढे हिशोबावरून तोंडं फिरतात. ऑनलाइन रकमेबरोबर देणाऱ्याचं नावही दिसतं, त्यामुळे गुप्तदान करणारे अजून रोखच देतात, बहुधा दिवस मावळल्यावर.