आकलन तपासणं वेगळं, शिकवणं वेगळं

धडा वाचून झाला, खालचे प्रश्न विचारले, उत्तरं फळ्यावर लिहून दिली, मुलांनी ती वहीत उतरवली. मग टाचणवहीत, म्हणजे शिक्षकाच्या रोजच्या पाठांच्या वहीत, नोंद होते: ‘वाचन आकलन घेतले’. अशी नोंद दिसली की मला राहवत नाही. या तासाला आकलन फक्त तपासलं गेलं. शिकवायचं राहूनच गेलं.

तपासणं म्हणजे काय ते शिक्षकांना सांगायला नको. रिकाम्या जागा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे, कारणे द्या. तोंडी घ्यावं की लेखी, गुण द्यावेत की श्रेणी, या वादात मी पडत नाही. त्यानं फारसं बिघडत नाही.

घोटाळा होतो तो इथे, की उत्तर बरोबर आलं म्हणजे उतारा समजला असं आपण धरून चालतो. हे वाक्य वाचा: ‘झिंगट लुमड्याने कोरट्या भिंपात टुळके फेकले.’ टुळके कोणी फेकले? झिंगट लुमड्याने. कुठे फेकले? कोरट्या भिंपात. पैकीच्या पैकी गुण, आणि अर्थाचा पत्ता नाही. ‘ने’ लागलेला शब्द करणाऱ्याचा, ‘त’ लागलेला जागेचा. उत्तर प्रत्ययच हातात ठेवतात. वर्षानुवर्षं असे प्रश्न सोडवणारी मुलं हीच युक्ती शिकतात.

हे ध्यानात आलेले शिक्षक मग ‘का’ आणि ‘कसे’चे प्रश्न काढतात. चांगलंच आहे, पण प्रश्न अवघड केला तरी तो प्रश्नच राहतो. समजा उताऱ्यात आहे: ‘आईने आभाळाकडे पाहिले, दोरीवरचे कपडे भराभर काढले आणि खिडक्या लावून घेतल्या.’ कपडे का काढले? मूल बोट फिरवत तीनदा वाक्य वाचतं आणि म्हणतं, “यात दिलेलंच नाही.” खरंच दिलेलं नाही. “अरे, पाऊस येणार होता!” असं सांगून आपण पुढे गेलो, तर त्याला उत्तर मिळालं, पण ते आलं कुठून हे कळलं नाही. पुढच्या उताऱ्यात ते पुन्हा तिथेच अडणार.

शिकवायचं असेल तर तिथेच थांबून स्वतःचा विचार मोठ्यानं बोलायचा. “आभाळाकडे पाहिलं, इथे मी थबकले. का पाहिलं असेल? पुढे कपडे काढले, तेही भराभर. नुसते वाळले म्हणून काढले असते तर घाई कशाला? वर खिडक्याही लावल्या. तिन्ही गोष्टी एकत्र धरते, म्हणजे पाऊस येणार असावा.” पुढच्या परिच्छेदात हेच मुलानं बोलायचं, आपण ऐकायचं, अडलं तिथे हात द्यायचा. प्रश्न तोच होता. उत्तर आल्यावर किंवा न आल्यावर आपण काय केलं, यावरून तपासणं की शिकवणं ते ठरतं.

हा घोळ आजचा नाही. वाचनाच्या अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांचं निरीक्षण केलं. आकलन प्रत्यक्ष शिकवण्यावर १ टक्क्याहूनही कमी वेळ जात होता. प्रश्न मात्र भरपूर विचारले जात होते. पुढे १९८४ मध्ये अ‍ॅनमरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन या संशोधकांनी छोट्या गटांत वेगळी रीत वापरली: सारांश सांगणं, प्रश्न तयार करणं, अडलेलं उलगडणं, पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुलं पाळीपाळीनं शिक्षकाची जागा घेतात. यात प्रश्न मुलं काढतात, म्हणून मला ही रीत फार आवडते. प्रश्न काढायला उतारा समजून घ्यावाच लागतो.

“समजलं का?” हा प्रश्न मात्र वर्गातून हद्दपार करावा. सगळा वर्ग “हो” म्हणतो, न समजलेलाही. कित्येकदा आपल्याला समजलेलं नाही हेच त्याला उमगलेलं नसतं. त्यापेक्षा “कुठल्या वाक्याशी अडलास?” असं विचारावं आणि त्या वाक्यावर बोट ठेवायला लावावं.

तपासणी नकोच, असं मी म्हणत नाही. ती शिकवून झाल्यावर घ्यावी, आणि मुलांनी आधी न पाहिलेल्या उताऱ्यावर घ्यावी. शिकवलेल्याच धड्यावरचे प्रश्न वहीतली उत्तरं पाठ करूनही सुटतात.