३८ मिलिसेकंदांचा उतार: स्टर्नबर्ग यांच्या प्रयोगाची पार्श्वभूमी

नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयात मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला स्मरणातला शोध मोजणारा हा प्रयोग घ्यायचा, तर साहित्य फारसं लागत नाही. ७, २, ९, ४ असे अंक पडद्यावर एकामागून एक दाखवायचे, थोडं थांबायचं आणि मग एकच अंक दाखवायचा: ९. तो आधीच्या संचात होता का? प्रयुक्ताने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, ‘हो’ किंवा ‘नाही’चं बटण दाबायचं. उत्तर सहसा चुकत नाही. मोजायचा असतो तो उत्तराला लागलेला वेळ.

वेळावरून मनातल्या पायऱ्या ओळखण्याची कल्पना जुनी आहे. डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्ये निवडीच्या प्रतिक्रियाकालातून साधा प्रतिक्रियाकाल वजा करून निवडीला लागणारा वेळ काढला. पण एक पायरी काढली की उरलेल्या पायऱ्याही बदलू शकतात आणि मग वजाबाकी फसते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सॉल स्टर्नबर्ग यांनी पायरी काढलीच नाही, तिच्यावरचं काम वाढवत नेलं.

१९६६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या त्यांच्या प्रयोगात संच १ ते ६ अंकांचा होता. प्रत्येक अंक १.२ सेकंद दिसे, नंतर २ सेकंदांची विश्रांती, इशारा आणि चाचणी अंक. प्रयुक्त दोनपैकी एक तरफ ओढत. संचात एक अंक वाढला की वेळ सुमारे ३८ मिलिसेकंदांनी वाढला, आणि आलेखावर बिंदू जवळपास सरळ रेषेत आले. दर अंकामागची ही वाढ म्हणजे रेषेचा उतार. अंक वाचणं, निर्णय घेणं आणि हात हलवणं यांचा आधारवेळ सुमारे ३९७ मिलिसेकंद निघाला. अंकामागे ३८ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला २५ हून अधिक अंक तपासले जात होते. मनातल्या मनात इतक्या वेगाने अंक म्हणणं कोणालाच शक्य नाही.

खरा पेच ‘हो’च्या रेषेत होता. अंक सापडताच शोध थांबत असेल, तर ६ अंकांच्या संचात ‘हो’साठी सरासरी साडेतीन तुलना पुरतात, ‘नाही’साठी मात्र सहाही लागतात. म्हणजे ‘हो’चा उतार निम्मा हवा. पण दोन्ही रेषा समांतर निघाल्या. स्टर्नबर्ग यांनी अनुमान काढलं की शोध एकेक करून होतो आणि सापडल्यावरही शेवटपर्यंत जातो. प्रत्येक तुलनेनंतर ‘सापडला का?’ हे पाहायलाच जास्त वेळ जात असेल, तर सगळा संच तपासून शेवटी एकदाच पाहणं स्वस्त पडतं. विचित्र वाटतं, पण युक्तिवाद पक्का आहे.

रेषा मात्र याच एका अर्थाला बांधलेली नव्हती. मानसशास्त्रज्ञ टाउनसेंड यांनी १९७१ च्या सुमारास गणिताने दाखवलं की सर्व तुलना एकाच वेळी चालू असल्या, पण त्यांच्यात मर्यादित क्षमता वाटली जात असली, तरी अशीच रेषा येऊ शकते. शिवाय अनेक प्रयोगांत, विशेषतः संच भराभर दाखवून लगेच विचारल्यास, शेवटचा अंक लवकर ओळखला जातो. पूर्ण शोधात अंकाच्या स्थानाने फरक पडायला नको. रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये उत्तरासाठीचा पुरावा हळूहळू साचत जातो असं मानणारं प्रारूप मांडलं. त्यात शोधाची रांगच नाही.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये ‘पूर्ण शोध सिद्ध झाला’ असं लिहू नये. उतार मिळाला, एवढंच हातात असतं. त्याचा अर्थ हे अनुमान. ‘हो’ आणि ‘नाही’चे आलेख वेगळे काढावेत, आणि ‘हो’चे वेळ स्थानानुसारही मांडून पाहावेत.

बिघाड बहुतेक मांडणीत होतो. ६० हर्ट्झचा पडदा सुमारे १७ मिलिसेकंदांनी एकदा बदलतो. उशीर ठरलेला असेल तर तो फक्त आधारवेळात जातो, पण मोबाईलच्या स्पर्शातला अनियमित उशीर आकडे विस्कटून टाकतो. मोठ्या संचाला चुका वाढत असतील तर प्रयुक्त घाई करत असू शकतो. तो उतार खरा धरता येत नाही. देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळू नयेत. ‘हो’ आणि ‘नाही’चे प्रश्न निम्मे निम्मे ठेवावेत, ‘हो’चा हात अर्ध्या प्रयुक्तांसाठी बदलावा. आणि ठरावीक अंकांचं उत्तर कायम ‘हो’च ठेवू नये: श्नायडर आणि शिफ्रिन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की असा भरपूर सराव झाला की उतार जवळपास सपाट होतो.