जस्त, भाकरी आणि टेस्टोस्टेरॉन

१९५८ साली इराणमधल्या शिराझ शहरात एका तरुण भारतीय डॉक्टरसमोर एक रुग्ण आला. वय २१, पण अंगकाठी दहा वर्षांच्या पोराची. अंगात रक्त अगदी कमी आणि वयात आल्याची एकही खूण नाही. रोजचं खाणं म्हणजे बिनखमिराची रोटी, आणि त्याच्या जोडीला चक्क माती. ती खायची त्याला सवयच लागली होती.

डॉक्टरांचं नाव आनंद प्रसाद. बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्यात शिकलेले. रक्त कमी का, ते लोहाच्या कमतरतेवरून कळत होतं. पण वाढ का खुंटली आणि पौरुषाची लक्षणं का उमटली नाहीत, ते त्यातून उलगडत नव्हतं. जस्त मिळालं नाही तर प्राण्यांची वाढ थांबते आणि वृषणं आक्रसतात, हे तेव्हा माहीत होतं. माणसाला मात्र जस्त कमी पडूच शकत नाही, असा जाणकारांचा समज होता. प्रसादांनी पुढे इजिप्तमध्ये अशाच तरुणांच्या रक्तातलं आणि केसांतलं जस्त मोजलं, तर ते कमी निघालं. जस्त द्यायला सुरुवात केल्यावर काही महिन्यांत ही मुलं वयात येऊ लागली आणि वर्षाला पाच इंचांच्या आसपास उंच झाली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण टेस्टोस्टेरॉन हे पौरुषाची लक्षणं घडवणारं संप्रेरक ‘वाढवण्या’बद्दल आज जे काही विकलं जातं, ते तपासायची कसोटी हिच्यातच आहे.

गव्हात जस्त असतंच की! मग ते अंगी का लागलं नाही? धान्याच्या सालीत आणि डाळींच्या दाण्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही. हा प्रश्न आपल्या ताटाचाही आहे. प्रौढ पुरुषाला रोज ११ मिलिग्रॅम जस्त पुरे, असं अमेरिकेतली शिफारस सांगते. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली १७ मिलिग्रॅम सांगितलं, ते मुख्यतः आपला आहार धान्याचा आहे म्हणून. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात जुनाच आहे. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवलं की फायटेट कमी होतं. मोडाच्या मटकीची उसळ, आंबोळी, जोडीला तीळ, शेंगदाणे, दही, आणि खात असाल तर अंडी, मटण, कालवं. कालवांइतकं जस्त दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या खाण्यात नसतं.

प्रसादांच्या गटाने १९९६ साली आणखी एक काम प्रसिद्ध केलं. चार निरोगी तरुणांना वीस आठवडे कमी जस्ताचा आहार दिला, तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन जवळपास चौथाईवर आलं. थोडी कमतरता असलेल्या नऊ वयस्कांना सहा महिने जस्त दिलं, तर त्यांचं जवळपास दुप्पट झालं. माणसं मोजकीच होती, पण दिशा स्पष्ट आहे. ज्यांना जस्त पुरेसं मिळतं, त्यांच्यावर मात्र जस्ताच्या जादा गोळीचा असा परिणाम दिसत नाही. उलट जास्तीचं जस्त बरेच महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

असं का, ते शरीराच्या रचनेत आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक सोडते, त्याच्या इशाऱ्यावर वृषणांतल्या लायडिग पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. रक्तातली पातळी वाढली की मेंदूला ते कळतं आणि इशारा मंदावतो. कच्चा माल कमी पडत असेल तर तो पुरवून फायदा होतो. तो पुरेसा असेल तर बाहेरून भर घालून ही पातळी वर सरकत नाही.

जिममध्ये खपणाऱ्या डब्यांवर गोखरू हमखास असतं. हा आपला माळरानावर अनवाणी पायात घुसणारा सराटाच. माणसांवरच्या नीट केलेल्या चाचण्यांत त्याने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचं दिसलेलं नाही. अश्वगंधाची बाजू थोडी बरी आहे. काही छोट्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, पण त्या अल्पकाळाच्या आहेत. काही जणांना यकृताचा त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. आपल्या मातीतली वनस्पती म्हणून ती निर्धोक धरू नये.

खरी काळजी वाटते ती इंजेक्शनांची. दंड फुगावेत म्हणून विशी-बाविशीतली मुलं ती कुणाच्याही सांगण्यावरून घेतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएचचा इशारा थांबवतो, वृषणं काम बंद करतात आणि आकाराने लहान होतात. जागतिक आरोग्य संघटनेने हेच इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांच्या आत एकही शुक्राणू उरला नाही. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. हे त्या मुलांना कुणीतरी आधी सांगायला हवं.

सुटलेल्या पोटाकडे मात्र कुणी या नजरेने पाहत नाही. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्यांत कमी टेस्टोस्टेरॉन वारंवार आढळतं, आणि वजन उतरलं की ते वर येतं. झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइल पाहणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

व्यायामाबद्दल एक गैरसमज आहे. वजनं उचलल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढतं खरं, पण तासाभरात ते मूळपदावर येतं. स्नायू वाढतात ते स्नायूंवर पडलेल्या ताणामुळे आणि पोटात गेलेल्या प्रथिनांमुळे. व्यायामाचा टिकाऊ लाभ चरबी घटण्यातून आणि इन्सुलिनचं काम सुधारण्यातून येतो. अर्धपोटी राहून अतोनात व्यायाम केला तर टेस्टोस्टेरॉन उलट खाली जातं. आणि सोयाबीनच्या वड्यांना घाबरू नका. रोजच्या प्रमाणात सोया खाऊन पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे.

सतत थकवा, कामेच्छा कमी होणं, दाढी विरळ होणं, अशी लक्षणं असतील तर रक्त तपासावं, पण सकाळी सात ते दहाच्या दरम्यान आणि उपाशीपोटी. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं. संध्याकाळच्या नमुन्यात ते कमी भरतं आणि माणूस उगाच धास्तावतो. आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा तपासावं, सोबत एलएचही. दोन्ही कमी असतील तर कारण पीयूषिकेत किंवा तिच्याही वर, मेंदूत, असू शकतं. एलएच जास्त असेल तर दोष वृषणांत असतो. ज्यांची कमतरता अशी सिद्ध होते, त्यांना टेस्टोस्टेरॉनचे उपचार खरोखर लागतात. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना उपचार सुरू होण्याआधीच सांगावं. मग टेस्टोस्टेरॉनऐवजी, वृषणांना कामाला लावणारी वेगळी औषधं देता येतात.