पायी चालत जाऊन पाहता येतील अशी प्रवाळं

प्रवाळं बघायची तर पोहता यावं लागतं, हा समज कच्छच्या आखातात खोटा ठरतो. जामनगरजवळच्या नराऱ्याला ओहोटीच्या वेळी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आपण थेट प्रवाळांपर्यंत चालत जातो.

याचं श्रेय आखाताच्या आकाराला. पश्चिमेकडे तोंडाशी ते सुमारे 70 किलोमीटर रुंद आहे, पण पूर्वेला आत जावं तसं अरुंद आणि उथळ होत जातं. भरतीचं पाणी आत शिरतं आणि जागा कमी पडल्यामुळे वर चढतं. तोंडाजवळच्या ओख्याला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक 3 मीटरच्या आसपास असतो, आत नवलखीला तो 6 मीटरच्या वर जातो. मुंबईचं उधाण आपल्याला मोठं वाटतं, पण तेही यापुढे कमीच. उतार अगदी मंद असल्यामुळे ओहोटीला मैलोगणती तळ उघडा पडतो.

प्रवाळासाठी खरं तर ही जागा वाईटच. पाणी गढूळ, मोठ्या नद्या नाहीत आणि बाष्पीभवन जोरात, म्हणून खारटपणा जास्त; वर रोज काही तास ऊन. उघडे पडलेले प्रवाळजीव अंग आक्रसून घेतात आणि चिकट स्राव सोडून ओलावा धरून ठेवतात. नाजूक फांद्यांची प्रवाळं इथे जवळपास दिसत नाहीत. तगली ती गोलसर, दगडाला चिकटून वाढणारी. चित्रातल्या रंगीत बागेची अपेक्षा ठेवून आलेला माणूस हिरमुसतो. पण थोडा वेळ एका डबक्यापाशी बसलं, की ऑक्टोपस रंग बदलत सरकतो, पफर मासा अंग फुगवतो, समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्रजीव) दिसतात.

हे सगळं मुख्यतः दक्षिण किनाऱ्याचं. समोरचा कच्छचा किनारा चिखलाचा. सिंधू नदीचा गाळ प्रवाहांबरोबर तिकडे येतो. तिथे तिवरांचं राज्य. खराई जातीचे उंट खाड्या पोहून ओलांडतात आणि बेटांवरची तिवरं चरतात. रबारी आणि फकिराणी जत हे त्यांचे पाळणारे. 2015 मध्ये या उंटांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली.

हिवाळ्यात उघड्या चिखलावर पक्ष्यांची झुंबड उडते. त्यातला काळा-पांढरा क्रॅब प्लोव्हर मला सगळ्यात विक्षिप्त वाटतो. जाड चोचीने तो खेकडे फोडून खातो आणि विणीच्या काळात वाळूत बीळ खणून त्यात एकच पांढरं अंडं घालतो. चिखलात आणि उथळ पाण्यात चालत खाणं शोधणाऱ्या किनारी पक्ष्यांत ही तऱ्हा दुसऱ्या कुणाची नाही.

1982 मध्ये इथे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, पिरोटनसह 42 बेटं घेऊन. त्याच्याच शेजारी वाडीनारला कच्च्या तेलाची जहाजं रिकामी होतात. योगायोग नाही हा: ज्या जोरदार भरती-ओहोटीने प्रवाळांची पठारं उघडी पडतात, तिच्याच प्रवाहांनी आखातातल्या खोल वाटा गाळ साचू न देता मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि मोठ्या जहाजांना नेमक्या त्याच हव्या असतात.