तेल लागलं २०१० मध्ये, निघणार २०२८ मध्ये

मे २०१० मध्ये रॉकहॉपर एक्सप्लोरेशन या छोट्या ब्रिटिश कंपनीला दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून सुमारे २२० किलोमीटरवर तेल लागलं. या साठ्याचं नाव सी लायन. शेअरची किंमत काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढली. तेल लागलं म्हणजे आता पैसाच पैसा, असं गुंतवणूकदारांना वाटलं असणार. पण सी लायनमधून विक्रीसाठी तेल निघायला २०२८ उजाडेल, असा सध्याचा अंदाज आहे.

समुद्रातल्या खोदकामात खर्च नुसत्या भोकाचा नसतो. रिगचं, म्हणजे खोदकामाची यंत्रं बसवलेल्या फलाटाचं, भाडं दिवसाच्या हिशोबाने चालतं; हवामान बिघडलं आणि काम थांबलं तरी मीटर सुरूच राहतो. फॉकलंडजवळ रिगच नव्हती. ओशन गार्डियन ही तरंगती रिग स्कॉटलंडहून अटलांटिक ओलांडून ओढत आणली गेली आणि तो बोजा वाटून घेण्यासाठी तिथल्या छोट्या कंपन्यांनी ती आळीपाळीने वापरली. १९९८ मध्ये मोठ्या कंपन्यांनी समुद्रतळाखालच्या याच गाळाच्या खोऱ्यात सहा विहिरी खोदल्या होत्या. तेलाच्या खुणा दिसल्या, पण तेव्हा तेलाचा भाव दहा डॉलरच्या आसपास घसरलेला. त्या परत गेल्या.

अशी शोधविहीर तेल देण्यासाठी खोदलेली नसतेच. कोट्यवधी डॉलर मोजून कंपनी माहिती विकत घेत असते: थर किती जाड, खडक किती सच्छिद्र, तेल कसलं. सी लायनचं तेल क्रिटेशस, म्हणजे डायनासोरच्या काळातल्या एका खोल सरोवराच्या गाळातून तयार झालेलं आहे. अशा तेलात मेण भरपूर असतं. जमिनीखाली गरम असताना ते वाहतं, पण वर येताना सुमारे ४५० मीटर थंड पाणी भोवती असतं आणि तेल गोठायला लागतं.

पहिल्या विहिरीच्या चाचणीत दिवसाला सुमारे २,००० पिंपं तेल आलं. २०११ मध्ये दुसऱ्या एका विहिरीत थर्मासच्या तत्त्वावरच्या, दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेल्या नळ्या घातल्या, तेव्हा स्थिर प्रवाह ५,५०० पिंपांच्या घरात गेला. तिथे थरही जास्त जाड होता, त्यामुळे सगळं श्रेय नळ्यांना देता येणार नाही. तरी तेल गरम ठेवलं तर विहीर जोमाने वाहते, हे त्यातून कळलं. या साठ्याबद्दल मिळालेल्या सगळ्या माहितीत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

पण गरम ठेवणंही खर्चिकच. शोध लावण्यापुरता पैसा छोटी कंपनी शेअर विकून उभा करते. उत्पादनाला लागणारे अब्जावधी डॉलर तिच्याकडे नसतात. २०१२ मध्ये रॉकहॉपरने ६० टक्के वाटा प्रीमियर ऑइलला दिला. सौदा रोख रक्कम आणि रॉकहॉपरच्या वाट्याचा खर्च उचलण्याची हमी धरून सुमारे एक अब्ज डॉलरचा होता. मग २०१४ नंतर भाव कोसळले, २०२० मध्ये कोविड आला. प्रीमियर दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि नव्या कंपनीने सी लायन सोडून दिलं. इस्रायलची नाव्हिटास ६५ टक्के वाटा घेऊन आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये अखेर गुंतवणुकीचा निर्णय झाला.

आता हिशोब करून पाहू. पहिल्या टप्प्यात सुमारे १७ कोटी पिंपं तेल काढायचं आहे आणि पहिलं पिंप हाती येईपर्यंत सुमारे १.८ अब्ज डॉलर लागतील. म्हणजे दर पिंपामागे साधारण साडेदहा डॉलर आधीच खर्ची पडले. रोजचा चालवण्याचा खर्च, ९ टक्के रॉयल्टी आणि २६ टक्के कर त्यानंतर. कमाल उत्पादन दिवसाला ५०,००० पिंपं गृहीत धरलंय. त्यातला रॉकहॉपरचा ३५ टक्के वाटा १७,५०० पिंपांचा. छोट्या कंपनीला हे भरपूर आहे, पण असं कमाल उत्पादन काही वर्षंच टिकतं.

तेल साठवून जहाजात भरण्यासाठी आओका मिझू हे तरंगतं उत्पादन-जहाज ठरलंय. ते आधी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला हरिकेन एनर्जी या छोट्या कंपनीच्या लँकेस्टर साठ्यावर होतं. तिथे उत्पादन २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२० मध्येच काढता येण्याजोग्या तेलाचा अंदाज निम्म्याहून खाली आणावा लागला. लँकेस्टरचं तेल भेगाळलेल्या कठीण खडकात होतं, सी लायनचं वाळूच्या दगडात आहे. त्याचं वागणं जास्त ओळखीचं. तरी लँकेस्टरचा धडा लक्षात ठेवून २०२८ मध्ये पहिल्या दिवशी किती पिंपं आली यापेक्षा पहिल्या वर्षात तेलाबरोबर पाणी किती येतंय आणि साठ्यातला दाब किती टिकतोय, हे आकडे मी आधी बघेन.