जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा आणि आपल्या गोठ्याचा पत्रा

2025 च्या पावसाळ्यात एक मेसेज लय फिरला होता, की 2 ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात बुडणार, असलं ग्रहण परत शंभर वर्षं नाही, सगळ्यांना पाठवा. ती तारीख आली आणि गेली, काही झालं नाही, लोक विसरले. गंमत म्हणजे मेसेज अर्धा खरा होता, फक्त वर्ष चुकलं होतं. 2 ऑगस्ट 2027 ला खग्रास सूर्यग्रहण खरंच आहे, स्पेनच्या दक्षिण टोकापासून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी, येमेन असा सावलीचा पट्टा जातो आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ सूर्य तब्बल 6 मिनिटं 23 सेकंद झाकलेला राहणार आहे. पण "सगळं जग" वगैरे काही नाही. आणि शतकातलं सगळ्यात लांब ग्रहण पण हे नाही, ते 22 जुलै 2009 ला होऊन गेलं, कमाल 6 मिनिटं 39 सेकंदांचं, आपल्याकडं सुरत, इंदूर, भोपाळ, पाटणा या पट्ट्यातून गेलं आणि ऐन पावसाळ्यामुळं बऱ्याच जणांनी नुसते ढगच बघितले.

सोलापूरला 2027 मध्ये मिळणार ते खंडग्रास. म्हणजे दुपार कलल्यावर चंद्र सूर्याचा एका बाजूनं थोडा घास घेणार आणि मावळायच्या आत सोडून देणार. अंधार पडणार नाही, चांदण्या दिसणार नाहीत. तरीपण त्या दिवशी गावागावात काय गोंधळ होणार ते आत्ताच सांगतो, कारण तो सोमवार आहे. सोमवती अमावस्या, त्यात आषाढाची, म्हणजे दिव्याची अवस. दिवे घासून पुजायचे, खंडोबाला जायचं, आणि बाप्यांची गटारी, हे सगळं एकाच दिवशी, त्यात वेध लागले की चूल पेटवायची का नाही हा प्रश्न. करमाळ्याकडची एक मामी कॅलेंडर चाळून मला म्हणाली, "आवं पुरणाचे दिवे वेधाच्या आत उकडून घ्यायचे म्हणजे बाया पहाटं तीनला उठणार, तुमचं काय जातंय." मुद्दा बरोबर आहे, ग्रहणाचा खरा ताप बायकांनाच होतो.

सगळ्यात जास्त गरोदर बाईला. विळी हातात घ्यायची नाही, सुई-दोरा नाही, आडवं व्हायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाहीतर पोराचा ओठ फाटतो. आता हे जरा नीट बघू. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ पहिल्या दोनेक महिन्यांतच जुळतो, टाळू तिसऱ्या महिन्यापर्यंत. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात ग्रहण बघितलं म्हणून जुळलेला ओठ परत कसा फाटणार? आणि ग्रहण नसलेल्या वर्षी पण अशी बाळं जन्मतातच की. त्यामागं आनुवंशिकता असते, काही औषधं असतात, फॉलिक ॲसिडची कमतरता असू शकते, आणि तंबाखूनं धोका वाढतो. इथंच मला राग येतो. सुनेला विळी उचलू न देणारी सासू सकाळी स्वतः मिश्री लावत बसते आणि डबी सुनेकडं पण सरकवते, आशाताईनं दिलेल्या गोळ्या फडताळात तशाच पडलेल्या असतात. उपाशी-तहानलेलं बसवून त्या बाईला चक्कर आली तर ती कुणामुळं, चंद्रामुळं?

ग्रहणात सूर्यातून वेगळं काही बाहेर पडत नाही. सूर्य तोच, ऊन तेच, मध्ये चंद्र आला म्हणून उलट कमीच येतं. चंद्र सूर्याच्या सुमारे 400 पट लहान आणि सूर्य चंद्राच्या सुमारे 400 पट लांब, त्यामुळं दोघं आपल्याला जवळजवळ एकाच मापाचे दिसतात, एवढाच योगायोग. दर अवसेला ग्रहण होत नाही कारण चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे, बऱ्याच वेळा तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

परातीत पाणी घालून मुसळ उभं करायचं आणि ते उभं राहिलं की ग्रहण लागलं, सुटलं की पडतं, हा प्रकार तर तुम्ही बघितलाच असेल. 2019 आणि 2020 च्या ग्रहणात ह्याचे व्हिडिओ घरोघरी निघाले. मुसळाचं खालचं टोक सपाट असतं ओ, जरा धीर धरून तोल साधला तर ते ग्रहण नसलेल्या मंगळवारी पण उभं राहतं. फक्त मंगळवारी कुणी करून बघत नाही. पडतं ते कुणाच्या तरी धक्क्यानं, आणि ग्रहण सुटायच्या सुमाराला घरात आंघोळीसाठी धावपळ चालूच असते.

आता जे सांगायला बसलो ते. आपल्या जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेलाईनवर जेऊर स्टेशन आहे. गाडी थांबते, लोक चढतात उतरतात. ह्या जेऊरचं नाव जगातल्या खगोलशास्त्राच्या जुन्या रिपोर्टांमध्ये छापलेलं आहे. 22 जानेवारी 1898 ला खग्रास ग्रहणाचा पट्टा कोकणात विजयदुर्गाकडून आत शिरला, घाट चढून कराड, जेऊर असा वऱ्हाड-नागपूरकडं वर गेला. आणि जिथं हा पट्टा रेल्वेला आडवा जात होता तिथं सामान उतरवणं सोपं होतं, म्हणून जेऊर. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आपल्या पत्नीला, एलिझाबेथ यांना, सोबत घेऊन इथं आले. पुण्याहून प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आले. हे नायगमवाला म्हणजे पारशी माणूस, कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे, भावनगरच्या महाराज तख्तसिंहांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली होती आणि तिथली 20 इंची दुर्बीण त्या वेळी देशातली सगळ्यात मोठी होती, पुढं ती कोडाईकनालला गेली.

वेळ कसली होती बघा. आदल्या साली दुष्काळानं लोकांना पिळून काढलेलं, पुण्या-मुंबईकडं प्लेग चालू, गोऱ्या साहेबाचं नाव काढलं की घरझडती आठवायची. त्यात संक्रांत होऊन दहाएक दिवस झालेले, ज्वारी हुरड्यात यायचे दिवस, आणि माळावर तंबू ठोकून हे लोक लाकडाचा नि कापडाचा एक लांबलचक बोगदा उभारतायत. तो होता कॅम्पबेल यांचा चाळीस फुटी कॅमेरा. भिंग वर मचाणावर, खाली जमिनीत फोटोची काच, आणि मध्ये उजेड शिरू नये म्हणून काळोखी नळी. दुर्बीण सूर्याकडं फिरवायच्या ऐवजी ती आधीच सूर्य ज्या जागी येणार तिकडं रोखून बांधून टाकायची आणि सूर्य सरकेल तशी खालची काच सरकवायची. सगळी खटपट दोनेक मिनिटांसाठी, कारण जेऊरला सूर्य साधारण तेवढाच वेळ पूर्ण झाकला जाणार होता. दुपारी ग्रहण लागलं, आकाश स्वच्छ होतं, फोटो मिळाले. मिळाले नसते तर पुढच्या ग्रहणाची वाट बघत बसायचं, दुसऱ्या कुठल्या तरी देशात. ह्याच कॅम्पबेल यांच्या टीमनं 1922 मध्ये ऑस्ट्रेलियात खग्रासाचे फोटो काढून आइनस्टाइनचं म्हणणं तपासलं, की सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो, आणि ते बरोबर निघालं.

एवढ्या लांब यायचं कशाला? कारण सूर्याच्या भोवती जे पांढरं प्रभामंडळ असतं, कोरोना म्हणतात त्याला (ते दुसरं नाही), ते एरवी सूर्याच्या झगमगाटात दिसतच नाही. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास आणि बाहेरचा हा कोरोना दहा लाखांच्या वर, म्हणजे चुलीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं असला उलटा कारभार, आणि तो नेमका कसा होतो ह्यावर अजून काम चालू आहे. म्हणून तर इस्रोनं 2 सप्टेंबर 2023 ला सूर्याकडं बघत राहणारं आदित्य-एल1 हे यान पाठवलं. त्यातल्या एका दुर्बिणीत सूर्याची तबकडी आतूनच झाकायची सोय आहे, म्हणजे रोजच ग्रहण.

ह्या भागाचं ग्रहणाशी नातं त्याच्याही आधीचं आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रासाला आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजापुरात कॅप्टन हेग होते, जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, आणि तिकडं गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा प्रकाश पहिल्यांदा वेगवेगळ्या रंगांत फोडून बघितला गेला तो ह्या वेळी, त्यात एक पिवळी रेघ होती, आणि तिचा छडा लावता लावता हेलियम सापडला. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवून सांगतात की लॉकियर साहेबानं, म्हणजे इंग्लंडच्या एका खगोलशास्त्रज्ञानं, 1868 ला इथून हेलियम शोधला, ते काही खरं नाही, त्या साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गला आले ते 1898 ला, जेऊरवाल्याच ग्रहणाला. कोकणातल्या लोकांनी निदान ओटे तरी जपले, आपल्याकडं जेऊरचं नाव काढलं की लोक म्हणतात कुठलं ग्रहण?

आणि आता गोठ्याचा पत्रा. जुन्या पत्र्याला खिळ्याची भोकं असतात, दुपारी त्यातून खाली शेणामातीवर गोल गोल कवडसे पडतात. भोक वाकडं असू दे, तिरकं असू दे, कवडसा गोलच. कारण तो भोकाचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. भोकापासून जेवढं अंतर, त्याच्या साधारण एकशे आठव्या भागाएवढं चित्र पडतं. प्रकाशानं दहा फूट वाट कापली तर इंचाहून जरासा मोठा सूर्य. आता हेच गणित चाळीस फुटांना लावा, साडेचार इंचाच्या आसपास येतं, आणि जेऊरच्या कॅमेऱ्यात काचेवर सूर्य तेवढाच पडत होता. फरक एवढाच की त्यांच्या भोकात चांगलं भिंग होतं म्हणून चित्र उजळ आणि रेखीव. ग्रहणात गोठ्यातला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा कापला जातो, एकाच वेळी पाच-पन्नास. लिंबाखाली बसलं तरी पानांच्या फटीतून तेच, नाहीतर पिठाची नाही, ज्वारीची चाळणी घेऊन उन्हात धरायची आणि खाली पांढरा कागद. ह्यात सूर्याकडं पाठ करून उभं राहायचं असतं, त्यामुळं पोरांना बिनधास्त दाखवता येतं.

डोळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका, इथं म्हातारी माणसं बरोबर आहेत. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखायची जाणीव नसते, तो भाजला तरी त्या वेळी कळत नाही, काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो, आणि कधी कधी तो कायमचा राहतो. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, हळदीच्या पाण्यातलं प्रतिबिंब, ह्यातलं काहीच चालत नाही. आयएसओ 12312-2 असं लिहिलेला ग्रहणाचा चष्मा, तो पण ओरखडा नसलेला, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडची 14 नंबरची काच. 14 च, त्याच्या हेल्मेटात बऱ्याचदा कमी नंबरची असते, विचारून घ्या. खग्रासाच्या पट्ट्यात सूर्य पूर्ण झाकल्यावर ती दोन-पाच मिनिटं उघड्या डोळ्यांनी बघता येतं, पण सोलापुरात 2027 ला तसं एक सेकंद पण मिळणार नाही.

खग्रास घरबसल्या बघायचं म्हणाल तर एका ठिकाणी सरासरी 375 वर्षांतून एकदा हा योग येतो. 16 फेब्रुवारी 1980 ला पट्टा कारवार, हुबळी, रायचूरवरून गेला, म्हणजे सोलापुरातून रेल्वेत बसलं असतं तर दिसलं असतं. त्या शनिवारी दुपारी आपल्याकडं पण बराच सूर्य झाकला गेला होता. आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, रस्ते ओस, दारं-खिडक्या बंद, आणि सुटल्यावर 'दे दान सुटे गिराण' ओरडत मागायला आलेले लोक. तो फिकट, विचित्र उजेड कसा होता ते विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही, घरात होते ना सगळे.

2027 ला ढगांचं काय करायचं ते मात्र कुणाच्याच हातात नाही. ऑगस्टमध्ये आपल्याकडं पाऊस पडो न पडो, ढग असतातच, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं कृत्रिम पावसाचे प्रयोग करायला सोलापूर निवडलं ते काय उगाच नाही. पण ग्रहण तास-दीड तास तरी चालतं, मध्ये फट पडली तरी काम होतं, आणि संध्याकाळच्या धारांची वेळ असल्यामुळं गोठ्यात माणसं असणारच, फक्त खाली भुईवर चुना नाहीतर पांढरं पोतं टाकून ठेवा.

पूर्ण खग्रास आपल्याच देशात बघायचं तर 20 मार्च 2034, पट्टा कारगिल-लडाखच्या भागातून जातोय, मार्चमध्ये तिकडं थंडी आणि बर्फ. आमच्या भावकीतल्या एका ऊसवाल्याला हे सगळं सांगितल्यावर त्यानं शांतपणे विचारलं की इजिप्तला जायला किती लागतील. आकडा ऐकून म्हणाला, कारखान्यानं बिल काढलं तर बघू, नाहीतर लडाखचं धरून चाल.