पार्श्वभूमी : जलरोधक जॅकेटवरचा १०,००० चा आकडा

दोन कापडांच्या मधे रबराचा थर देण्याचे पेटंट ब्रिटनमध्ये १८२३ साली घेतले गेले. ते कपडे उकाड्यात चिकट व्हायचे, थंडीत ताठरायचे आणि घाम आतच कोंडायचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांसाठी दाट विणीचे सुती कापड आले. भिजले की त्याचे धागे फुगून वीण घट्ट व्हायची.

गिर्यारोहणाच्या मोहिमांचे चित्र खरे बदलले ते १९६९ नंतर. पीटीएफई हे प्लास्टिक झटक्यात ताणले तर त्यात अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे तयार होते, हे तेव्हा लक्षात आले. या छिद्रांतून घामाची वाफ बाहेर जाते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. अशा ताणलेल्या प्लास्टिकचा पातळ पडदा कापडाला जोडलेली जॅकेटे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली आणि सुरुवातीची काही गळलीही, कारण अंगावरचा तेलकटपणा छिद्रांत शिरत होता. मग पडद्याला आतून पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्लास्टिकचा पातळ थर दिला गेला.

‘१०,००० मिमी’ किंवा ‘२०,००० मिमी’ हे लेबलवरचे जलरोधकतेचे आकडे खरेदीच्या वेळी निर्णायक ठरतात. माझ्या मते त्यांना फाजील महत्त्व मिळाले आहे. प्रयोगशाळेत कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि तीन ठिकाणी थेंब दिसले की तेव्हाचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. १०,००० मिमी म्हणजे दहा मीटर उंच स्तंभ. पावसाच्या थेंबाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. सॅकच्या पट्ट्याखाली किंवा गुडघे टेकल्यावर दाब वाढतो, तेवढ्यापुरता हा आकडा कामाचा. पण बहुतेकदा तो कोऱ्या, सपाट कापडाचा असतो. शिवणींना आतून टेप आहे का, चेनमधून पाणी झिरपते का, टोपी डोक्याबरोबर वळते का, हे त्यातून कळत नाही. वाफ बाहेर टाकण्याचे आकडे तर आणखी फसवे. चाचणीची पद्धत बदलली की त्याच कापडाचा आकडाही बदलतो, आणि पद्धत कोणती हे लेबलवर अनेकदा नसतेच.

जॅकेट ‘गळते’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा पडदा शाबूत असतो. झिजलेले असते ते बाहेरच्या कापडावरचे पाणी झटकणारे रसायन. थेंब घरंगळायचे थांबतात, कापड पाणी पिते, वाफेची वाट बंद होते आणि आत घामाचेच पाणी साचते. थंड प्रदेशातल्या लांब मोहिमेत हे जिवावर बेतू शकते.

सध्याचा वाद याच रसायनाचा आहे. जुन्या लेपांत फ्लोरिनची संयुगे होती. ती निसर्गात विघटन न होता साठत राहतात. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कपड्यांत त्यांवर बंदी घातली. अतिओल्या परिस्थितीसाठीच्या खास कपड्यांना तिथे २०२८ पर्यंत सूट आहे, पण त्यांत ही संयुगे असल्याची सूचना छापावी लागते. बंदी योग्यच आहे, फक्त तिची किंमत वापरणाऱ्याला माहीत हवी. फ्लोरिनविरहित लेप पाणी झटकतो, तेल झटकत नाही. त्यामुळे सनस्क्रीन, धूर आणि घामाचे डाग त्यावर लवकर बसतात आणि जॅकेट वरचेवर धुवून, लेबलवर परवानगी असेल तर सौम्य उष्णता देऊन तो लेप पुन्हा जागवावा लागतो. पीटीएफईऐवजी पॉलिएथिलिन या फ्लोरिन नसलेल्या प्लास्टिकचे पडदेही २०२२ पासून येऊ लागले आहेत. जुन्या आणि नव्या घडणीची जॅकेटे आज शेजारी शेजारी विकली जातात, आणि दोन्हींवरचा मिलिमीटरचा आकडा सारखाच असू शकतो.